त्रिमितीय मुद्रित वैद्यकीय भागांचे यांत्रिक परीक्षण

थ्रीडी प्रिंटरवर थरावर थर चढवून घडवलेली हाडाची प्लेट, जबड्याचे रोपण किंवा सांध्याचा भाग शरीरातील भार किती पेलेल, हे ठरवणारी मापनपद्धती. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईत 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरण विकास केंद्र २०१४ मध्ये राज्य शासनाच्या साहाय्याने सुरू झाले. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेतही त्याची शाखा निघाली.

अशा भागांसाठी नेहमीची मिश्रधातू टायटॅनियम-६ ॲल्युमिनियम-४ व्हॅनेडियम. तिचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे ११० गिगापास्कल, तर हाडाच्या घट्ट बाह्य थराचा साधारण १५ ते २० असतो. ताठ रोपणच भार घेते, त्यामुळे भोवतीचे हाड झिजते. म्हणून रोपणात मुद्दाम जाळी ठेवतात. अशा सच्छिद्र नमुन्यांची दाबचाचणी आयएसओ १३३१४ नुसार होते.

भरीव नमुना युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनच्या जबड्यांत धरून ताणतात. एक्स्टेन्सोमीटर लांबीतील वाढ टिपतो. तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की न वितळलेली पूड आणि थरांमधील पोकळ्या दिसतात. उभा छापलेला नमुना आडव्यापेक्षा बहुधा अशाच ठिकाणी लवकर तुटतो. म्हणून छपाईची दिशा न नोंदवता दिलेला आकडा अपुराच मानावा. एएसटीएम एफ ३००१ या मानकात या मिश्रधातूच्या अतिशुद्ध प्रकारासाठी किमान ताणबल ८६० मेगापास्कल आहे.

रुग्णाच्या चालण्यातून रोपणावर लाखो वेळा भार येतो. त्यामुळे श्रांतिचाचणी सर्वांत निर्णायक ठरते. तिच्यात खडबडीत पृष्ठभाग आणि सूक्ष्म छिद्रे घातक ठरतात.