बखशाली पोथीचा काळ व पुंजवाद

इ. स. १८८१ सालीं पेशावरनजीक बखशाली गांवीं खोदकाम करितांना एका शेतकऱ्यास भूर्जपत्रांवर लिहिलेली गणिताची पोथी सांपडली. तिचीं सुमारें ७० पत्रें शिल्लक असून तीं ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयांत आहेत. तींत शून्यासाठीं टिंब वापरलें असल्यानें तिच्या काळाचा प्रश्न एका पोथीपुरता राहत नाहीं. डॉ. हर्नले यांनीं मूळ ग्रंथ ३ ऱ्या-४ थ्या शतकांतील मानिला. के यांनीं पोथी १२ व्या शतकापर्यंत खालीं आणिली. लिपि व भाषा यांचा आधार घेऊनहि विद्वानांत इतकें अंतर पडलें.

इ. स. १९४९ सालीं लिबी यांनीं कर्ब-१४ या किरणोत्सर्गी द्रव्यावरून काळ काढण्याची रीत सिद्ध केली. वनस्पति जिवंत असेपर्यंत हा कर्ब हवेंतून घेते. पुढें तो घटत जातो व सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. अमुक एक अणु केव्हां फुटेल हें कोणासहि सांगतां येत नाहीं, असें पुंजवाद म्हणतो. परंतु कोट्यवधि अणूंपैकीं किती फुटतील हें मात्र निश्चित सांगतां येतें. म्हणून या रीतीचें उत्तर एक साल नसून कालमर्यादा असते, व तिच्यासोबत संभवाचें प्रमाण येतें.

इ. स. २०१७ सालीं बखशालीच्या तीन पत्रांचे निष्कर्ष जाहीर झाले: २२४-३८३, ६८०-७७९ व ८८५-९९३. लागलीच शून्याचा इतिहास मागें गेल्याचा गाजावाजा झाला. परंतु त्याच वर्षीं प्लॉफ्कर, हायाशी, वुजास्टिक आदि अभ्यासकांनीं आक्षेप घेतला कीं, ग्रंथ एकसंध दिसतो. तेव्हां पोथीचें लेखन सर्वांत अलीकडच्या पत्राहून जुनें असूं शकत नाहीं. आम्हांस हा आक्षेप सयुक्तिक वाटतो. कर्ब साल केव्हां वाढली तें सांगतो. लेखणी तीवर केव्हां चालली तें सांगत नाहीं.

पुंजवादाच्या आधारें भूतकाळ एकाच वेळीं अनेक प्रकारचा होता, असेंहि कोणी सुचवितात. हें आम्हांस मान्य नाहीं. अणूची अनिश्चितता निसर्गांतील आहे. आमची अनिश्चितता पुराव्याच्या अपुरेपणाची आहे. लेखकानें तें पान एका विशिष्ट दिवशींच लिहिलें. तो दिवस आम्हांस ठाऊक नाहीं, एवढेंच. पुंजवादापासून घ्यावयाचा धडा निराळा आहे: संभव किती हें सांगितल्यावांचून काळ सांगूं नये.

आपल्याकडील शेंकडों पोथ्यांवर शक नाहीं. जेथें आहे तेथेंहि नकलकारानें मूळ प्रतींतील शक तसाच उतरविला असण्याचा संभव असतो. म्हणून पत्राचा काळ, नकलेचा काळ व रचनेचा काळ हे तीन वेगळे नोंदवावे, व प्रत्येकाचा आधार लिहावा. केवळ अक्षरवटिकेवरून एक साल ठोकून देण्याची रूढी आतां सोडली पाहिजे.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, सुटीं पत्रें दुसऱ्या पोथींत मिसळूं नयेत, पोथी कोठें व कोणत्या स्थितींत मिळाली तें त्याच दिवशीं टिपून ठेवावें, आणि कोरे समास कापूं नयेत. उद्यांच्या परीक्षेस लागणारा तुकडा कदाचित् त्या कोऱ्या समासांतूनच घ्यावा लागेल.