वीजमीटर आणि विहिरीचा पंप

मुंबईच्या चाकरमान्याचं रत्नागिरीजवळ चिऱ्याचं घर. परसात विहीर, तिच्यावर मोबाइलवरून चालू-बंद होणारा पंप, आणि ओटीवर महावितरणचा, वेळेनुसार दर लावणारा टीओडी मीटर. १ जुलै २०२५पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या घरगुती विजेला युनिटमागे निदान ८० पैशांची सवलत आहे. पंपाने आपणहून ती वेळ साधावी, तर मीटरचं त्याला काही कळत नाही. दोघांना वायफायने जोडलं तरी उपयोग नाही, कारण नुसतं जोडणं आणि अर्थ ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

घरातली यंत्रं जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७५चा. स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने ‘एक्स-टेन’ काढलं. घरातल्याच वीजतारांतून संदेश जात. १६ घरसंकेत, १६ उपकरणसंकेत. ‘पाच नंबर चालू’ एवढं सांगता येई. पाच नंबरला दिवा आहे की पंप, हे मात्र फक्त घरमालकाला ठाऊक.

ती माहिती माणसाच्या डोक्यातून काढून यंत्राला वाचता येईल अशी लिहायची, तर आधी जगाची मांडणी हवी: वस्तू कोणत्या, त्यांचे गुण काय, त्या काय करतात. वैशेषिक दर्शनाने द्रव्य, गुण, कर्म असं जग लावून ठेवलं, त्याच जातीचा हा उद्योग. संगणकशास्त्रात अशा मांडणीला ऑन्टॉलॉजी म्हणतात. टॉम ग्रुबर यांनी १९९३मध्ये केलेली तिची व्याख्या आजही प्रमाण मानतात.

आपल्या घरात या विचाराचं सर्वांत पक्कं रूप मीटरमध्ये सापडतं. १९९७मध्ये स्थापन झालेल्या डीएलएमएस संघटनेने मीटरमधल्या प्रत्येक राशीला सहा आकड्यांचा पत्ता दिला. १.०.१.८.०.२५५ हा पत्ता बघा. पहिला १ म्हणजे वीज. तिसरा १ म्हणजे ग्राहकाने घेतलेली वीज, ८ म्हणजे काळानुसार साचत गेलेली बेरीज, आणि पाचवं शून्य म्हणजे सगळ्या दरांची मिळून. त्या शून्याच्या जागी १, २, ३ आले की एकेका दराच्या वेळेचा हिशेब वेगळा निघतो. सवलतीच्या तासांसाठी जागा अशी आधीच राखलेली होती! भारतीय मानक ब्यूरोने आयएस १५९५९ या मानकात २०११मध्ये हीच पद्धत घेतली. मीटर कुठल्याही कंपनीचा असो, पत्त्याचा अर्थ तोच.

घरातल्या इतर उपकरणांसाठी युरोपात ‘सारेफ’ ही सामायिक ऑन्टॉलॉजी २०१५मध्ये आली. उपकरण, कार्य, आज्ञा, स्थिती, मापन, गुणधर्म हे तिचे खांब. ऊर्जेसाठीची पुरवणी २०१७ची. काम लवकरात लवकर कधी सुरू करायचं आणि उशिरात उशिरा कधी संपवायचं, हे सांगण्याची सोय तिच्यात आहे. पंपाला हवं ते हेच. २०२२च्या ‘मॅटर’ या मानकाने दिवे, प्लग, कुलपं यांना एका शब्दावलीत आणलं.

मीटर एका भाषेत आले, कारण ते घेणाऱ्या वीज कंपन्या मोजक्या आणि मोठ्या. निविदेत मानकाची अट घातली की उत्पादकाला ते पाळावंच लागतं. पंप घेणारा शेतकरी किंवा चाकरमानी दुकानात एकटाच असतो, त्याची अट कोण ऐकणार? म्हणून पंपाच्या कंट्रोलरसाठीही ब्यूरोनेच मानक करावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्यात मीटरमधली दराची वेळ वाचण्याची सोय सक्तीची असावी.