डीप पर्पलचा सर्वोत्तम काळ कोणता? पन्नास वर्षं न मिटलेला वाद, सोप्या भाषेत

पुण्यात गिटार शिकलेल्या कुणालाही विचारा, सुरुवातीला कोणती ट्यून वाजवलीस? 'स्मोक ऑन द वॉटर' हे उत्तर हमखास येतं. गाणं माहीत नसलं, बँडचं नाव ऐकलेलं नसलं, तरी ते सुरुवातीचे काही सूर बोटांना माहीत असतात.

ही ट्यून डीप पर्पल या ब्रिटिश बँडची. बँडच्या चाहत्यांचे दोन गट समोरासमोर आले की वाद ठरलेला. सर्वोत्तम काळ कोणता, गिटारवर खरा मालक कोण, आणि अर्धी माणसं बदलल्यावर याला डीप पर्पल म्हणायचं की नाही? एखाद्या पोस्टखाली हा वाद पेटलेला दिसला आणि 'मार्क टू', 'मार्क थ्री' हे शब्द डोक्यावरून गेले, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी 'मार्क' म्हणजे काय ते समजून घेऊ

डीप पर्पल १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला. तेव्हापासून ड्रमर इयन पेस हा एकटाच प्रत्येक संचात आहे. बाकी सगळे कधी ना कधी बदलले. त्यामुळे प्रत्येक संचाला 'मार्क' आणि पुढे क्रमांक द्यायची पद्धत पडली. मुख्य संच असे:

- मार्क वन (१९६८-६९): गायक रॉड इव्हान्स, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बासवर निक सिंपर, ड्रमवर पेस. 'हश' हे जो साउथचं गाणं यांनी अमेरिकेत पहिल्या पाचांत नेलं.
- मार्क टू (१९६९-७३): गायक इयन गिलन आणि बासवादक रॉजर ग्लोव्हर आले. 'इन रॉक' (१९७०), 'फायरबॉल' (१९७१), 'मशीन हेड' (१९७२) आणि 'मेड इन जपान' हे सगळं याच चार वर्षांतलं.
- मार्क थ्री (१९७३-७५): गिलन-ग्लोव्हर गेले. डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले. 'बर्न' आणि 'स्टॉर्मब्रिंगर' हे दोन्ही अल्बम १९७४ चे.
- मार्क फोर (१९७५-७६): ब्लॅकमोर गेला, टॉमी बोलिन आला. 'कम टेस्ट द बँड' हा एकच स्टुडिओ अल्बम, आणि १९७६ मध्ये बँड फुटला.
- पुनर्मीलन (१९८४-९३): मार्क टू परत एकत्र, 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'. मध्ये काही काळ गिलनच्या जागी जो लिन टर्नर.
- मोर्सचा काळ (१९९४-२०२२): गिटारवर स्टीव्ह मोर्स. २००२ मध्ये लॉर्ड निवृत्त झाला आणि डॉन एअरी आला.
- सध्याचा संच (२०२२ पासून): गिटारवर बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड.

वाद क्रमांक एक: काळ कोणता?

बहुतेकांचं मत मार्क टूच्या बाजूने पडतं, आणि त्याला कारण आहे. ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कॅसिनोत फ्रँक झप्पाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन उडवली आणि इमारत जळाली. डीप पर्पल तिथेच अल्बम ध्वनिमुद्रित करायला आला होता. जागाच गेली. मग थंडीत बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या मार्गिकांमध्ये, रोलिंग स्टोन्सची फिरती ध्वनिमुद्रण गाडी बाहेर उभी करून त्यांनी 'मशीन हेड' पूर्ण केला. तळ्यावर पसरलेल्या धुराची हकिगत म्हणजेच 'स्मोक ऑन द वॉटर'.

पुढच्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोत तीन रात्री वाजवलेलं 'मेड इन जपान' म्हणून निघालं. मैफलीचं ध्वनिमुद्रण कसं असावं, याचं उदाहरण म्हणून आजही तेच दिलं जातं.

मार्क थ्रीवाल्यांचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते कव्हरडेल आणि ह्यूज असे दोन तगडे गळे एकाच बँडमध्ये असणं हीच मोठी गोष्ट. एक खर्जातला, दुसरा तार सप्तकातला. त्यात सोल आणि फंकचा रंग आला, आणि नेमका तोच ब्लॅकमोरला नको होता. 'स्टॉर्मब्रिंगर'नंतर तो बाहेर पडला आणि त्याने रेनबो हा बँड उभा केला. गंमत अशी की हॉस्टेलच्या गच्चीवर हळू आवाजात वाजवलं जाणारं 'सोल्जर ऑफ फॉर्च्युन' हे गाणं याच अल्बमचं आहे.

वाद क्रमांक दोन: गिटार कुणाची?

ब्लॅकमोर हा पहिला दावेदार. त्याच्या वादनात ब्लूज आहे तसंच युरोपीय शास्त्रीय संगीतही आहे. 'हायवे स्टार'मधला एकल भाग ऐका. बाखच्या वळणाचे सुरांचे जिने वेगाने चढता-उतरताना ऐकू येतील. त्याची आवडती सुरावट म्हणजे हार्मोनिक मायनर. आपल्याकडे हेच सूर किरवाणी रागात लागतात. त्यामुळे हिंदुस्थानी संगीत ऐकलेल्या कानाला ब्लॅकमोर कुठेतरी ओळखीचा वाटतो.

'स्मोक ऑन द वॉटर'ची ती प्रसिद्ध ट्यूनही बरेच जण चुकीची वाजवतात. मूळ वादनात एका वेळी दोन तारा वाजतात, त्या दोन सुरांत चौथ्याचं अंतर, म्हणजे सा-म, असतं आणि तारा प्लेक्ट्रमने न मारता बोटांनी छेडलेल्या आहेत. शिवाय ती एकट्या गिटारची नाही. लॉर्डने आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरला जोडून खरखरीत केला होता आणि तो गिटारच्या खाली तेच सूर वाजवतो. 'गिटार कुणाची' या वादात ही गोष्ट सहसा विसरली जाते. डीप पर्पलचा आवाज गिटार आणि ऑर्गन यांच्या जुगलबंदीतून आलेला आहे.

टॉमी बोलिनवर सगळ्यात जास्त अन्याय झाला. चोविसाव्या वर्षी तो ब्लॅकमोरच्या जागी उभा राहिला आणि प्रेक्षकांना त्याच्याकडून ब्लॅकमोरच हवा होता. जॅझच्या अंगाने जाणारं त्याचं वादन स्टुडिओत खुललं. व्यासपीठावर मात्र व्यसनाने घात केला. १९७५ च्या शेवटी जपानमध्ये त्याचा डावा हातही धड चालत नव्हता. ४ डिसेंबर १९७६ ला, माँत्रोच्या आगीला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, पंचविसाव्या वर्षी तो गेला. 'कम टेस्ट द बँड' आज शांतपणे ऐकणारे त्याला बरंच मोठं मानतात.

जो सॅट्रिआनीची गोष्ट छोटी आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये ब्लॅकमोर दौऱ्याच्या मध्येच बँड सोडून गेला. जपानचे कार्यक्रम तोंडावर होते. सॅट्रिआनीने ते सांभाळले, १९९४ चा युरोप दौराही केला, पण स्वतःचं काम सोडून कायमचा थांबला नाही.

मग आला स्टीव्ह मोर्स. वादात अडकलेला प्रश्न खरं तर इथे आहे. ब्लॅकमोरचे दोन्ही कालखंड मिळून साधारण सतरा वर्षं होतात, मोर्सची अठ्ठावीस. तरीही अनेकांच्या लेखी तो कायम 'नवा' राहिला. २०२२ मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे त्याने बँड सोडला.

मुंबईतली ती रात्र

मोर्सच्या काळाची सुरुवात पाहायची तर फार लांब जावं लागत नाही. ८ एप्रिल १९९५ ला डीप पर्पल मुंबईत वाजला. नवा गिटारवादक बँडमध्ये येऊन काही महिनेच झाले होते आणि या संचाचा पहिला अल्बम 'पर्पेंडिक्युलर' यायला जवळजवळ वर्ष होतं. म्हणजे मोर्स अजून परीक्षेलाच बसलेला होता. त्या कार्यक्रमाची चित्रफीत पुढे 'बॉम्बे कॉलिंग' या नावाने निघाली.

या नावामागे आणखी एक धागा आहे. 'चाइल्ड इन टाइम' हे डीप पर्पलचं गाजलेलं लांबलचक गाणं. त्याची सुरुवातीची ऑर्गनची धून त्यांची स्वतःची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या १९६९ मधल्या एका वादनातून ती आली. लॉर्ड ती वाजवून बघत होता, बँडने लय खाली आणली आणि गिलनने वर स्वतःचे शब्द बसवले. गिलनने ही उसनवारी उघडपणे मान्यही केली आहे. त्या मूळ रचनेचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'.

वाद क्रमांक तीन: गाणं कोणतं?

इथे एकच उत्तर नाही, पण तीन गाणी वाद समजायला पुरतात.

'चाइल्ड इन टाइम' हा गिलनच्या आवाजाचा कळस. तेच आवाजाचं वय सांगणारं गाणंही ठरलं. त्यातल्या किंकाळ्या वयानुसार झेपेनात, आणि २००२ नंतर बँडने ते वाजवणं थांबवलं. 'ते गाणं नाही तर तो बँड नाही' म्हणणारे आहेत, आणि न झेपणारं गाणं ओढूनताणून न गाणं हाच प्रामाणिकपणा, असं म्हणणारेही आहेत.

'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' हे 'मशीन हेड'च्याच वेळी ध्वनिमुद्रित झालं. ब्लॅकमोरला ते आवडलं नाही, म्हणून अल्बमबाहेर राहिलं आणि एका सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं. मोर्सच्या काळात ते मैफलींत नेहमीचं झालं. म्हणजे सुवर्णकाळातलं एक सुरेख गाणं लोकांपर्यंत नीट पोचलं ते 'नव्या' माणसामुळे.

आणि 'स्मोक ऑन द वॉटर'. कट्टर चाहते याला कंटाळलेले असतात. पण 'मशीन हेड'मधल्या गाण्यांचं श्रेय पाचही जणांच्या नावावर आहे, हे ध्यानात ठेवून ते पुन्हा ऐका. गिटार, ऑर्गन, ड्रम, बास असं एकेक वाद्य कसं आत येतं ते मोजा. कंटाळा जाईल.

खरा प्रश्न: नाव कुणाचं?

हा वाद एकदा कोर्टातही गेला. १९८० मध्ये, बँड बंद असताना, पहिला गायक रॉड इव्हान्स काही अनोळखी वादकांना घेऊन 'डीप पर्पल' नावाने अमेरिकेत कार्यक्रम करू लागला. लोक तिकीट काढून आले, समोर ओळखीचे चेहरे नाहीत, काही ठिकाणी गोंधळ झाला. कोर्टाने ६ लाख ७२ हजार डॉलर भरायला सांगितले. इव्हान्सचा आपल्याच तीन अल्बमच्या मानधनावरचा हक्कही गेला, आणि त्यानंतर तो संगीतातून जवळजवळ नाहीसा झाला.

म्हणजे मूळ माणूस असून नाव मिळालं नाही. उलट मोर्सकडे नाव होतं, अठ्ठावीस वर्षांचं काम होतं, पण मान मिळाला नाही. २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडला स्थान मिळालं तेव्हा यादीत इव्हान्स होता, कव्हरडेल आणि ह्यूजही होते. मोर्स आणि एअरी नव्हते. सिंपर आणि बोलिनही नव्हते.

पुणेकरांना हा पेच नवा नाही. 'घाशीराम कोतवाल' १९७२ च्या डिसेंबरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणलं. संस्थेने प्रयोग थांबवल्यावर जब्बार पटेल आणि सहकारी बाहेर पडले, त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. नाटक संस्थेचं, की ते रोज उभं करणाऱ्यांचं? लोकांनी उत्तर तिकीटखिडकीवर दिलं.

मग उत्तर काय?

मोजायचं काय, ते आधी ठरवा. नवी वाट कुणी पाडली हे मोजायचं तर मार्क टू, यात फारसा वाद नाही. गळ्यांची श्रीमंती मोजायची तर मार्क थ्री. अपुरी राहिलेली शक्यता मोजायची तर बोलिन. आणि घर चालू ठेवणं मोजायचं तर मोर्स. १९९३ मध्ये तो बँड संपला असता, तर २०१३ चा 'नाऊ व्हॉट?!' किंवा मॅकब्राइडसह आलेला २०२४ चा '=१' निघालाच नसता. २०१२ मध्ये जॉन लॉर्ड गेला, तेव्हाही त्याचं संगीत त्याच्याच बँडकडून जिवंत ऐकायला मिळत होतं.

नव्याने ऐकायचं असेल तर हा क्रम घ्या: आधी 'मेड इन जपान' संपूर्ण, मग 'बर्न', मग 'कम टेस्ट द बँड', मग 'परफेक्ट स्ट्रेंजर्स', शेवटी 'पर्पेंडिक्युलर'. पाच अल्बम, तीन गिटारवादक. त्यानंतर वादात उतरा.