तगरची विद्या आणि तगरचा व्यापार



धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. संत गोरोबाकाकांचें गांव म्हणून तें वारकऱ्यांच्या मुखीं असतें. परंतु गोरोबांच्याही आधीं सुमारें बाराशें वर्षें, तांबड्या समुद्रावरील व्यापाऱ्यांना या गांवाचें नांव ठाऊक होतें, ही गोष्ट आपल्या घरोघरीं तितकीशी माहीत नाहीं. जग जवळ आलें, बाजारपेठ एक झाली, आतां शिक्षणानें काय करावें, असा प्रश्न आज वरचेवर ऐकूं येतो. आपल्या भूमीला हा प्रश्न नवा नाहीं. तो तेरपुढें पूर्वींच येऊन गेला आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. 'पेरिप्लस' या नांवानें तें पुस्तक प्रसिद्ध आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें शहर आहे, असें तो सांगतो. साधें कापड, नाना तऱ्हेची मलमल आणि किनाऱ्याकडून तेथें आलेला इतर माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखांतून भडोचला जात असे. हें तगर कोणतें, याविषयीं विद्वानांत पुष्कळ वाद झाला. कोणी जुन्नर म्हणे, कोणी देवगिरी, कोणी धारूर. अखेर १९०१ सालीं डॉ. फ्लीट यांनीं तगर म्हणजेच तेर, हें साधार दाखविलें.

या व्यापाराचें मोल केवढें होतें? दरवर्षीं पांच कोटी सेस्टर्स हिंदुस्थानांत जातात, अशी तक्रार रोमन ग्रंथकार प्लिनी यानें केली आहे. त्या ओघाचा कांहीं अंश तेरणाकांठच्या विणकरांच्या दारापर्यंत पोंचत असला पाहिजे.

परंतु केवळ माल पाठविला आणि पैसा घेतला, एवढ्यावर तेरची गोष्ट संपत नाहीं. १९५८ सालीं श्री. चापेकर यांनीं तेथें उत्खनन केलें. गांवांतील रामलिंगप्पा लामतुरे यांनींही जुन्या वस्तु जिवापाड जमविल्या, आणि आज तेथील शासकीय संग्रहालय त्यांच्याच नांवानें चालतें. तेरला सांपडलेल्या कांहीं मूर्ति पांढऱ्या मातीच्या असून त्या दोन साच्यांत घडविल्या आहेत. पुढची बाजू एका सांच्यांत, मागची दुसऱ्यांत, आणि मग दोन्हींचा सांधा. ही रीत रोमन जगांतून आली, असें बहुतेक अभ्यासक मानतात. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ति तर विशेष प्रसिद्ध आहे. तिच्याशीं जवळचें नातें सांगणारी एक हस्तिदंती मूर्ति १९३८ सालीं इटलींत पाँपेई येथें मिळाली. पाँपेई शहर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. म्हणजे आपल्याकडचें कसब तिकडे गेलें आणि तिकडची युक्ति आपल्या कुंभारानें उचलली. अंगावरचे दागिने, केशरचना आणि ठेवण मात्र येथलीच राहिली.

हें शिक्षण कोणत्या शाळेंत मिळालें? त्या काळीं कारागिरांच्या श्रेणी असत. शिकाऊ मुलगा अंतेवासी म्हणून गुरूच्या घरीं ठरलेली मुदत राही. गुरूनें त्याला पोटास घालावें व पुत्राप्रमाणें वागवावें. शिल्प लवकर अवगत झालें तरी मुलानें मुदत पुरी करावी, असे नियम आपल्या स्मृतींत आहेत. श्रेणी केवळ शाळाच नव्हे, तर पेढीही होती. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठीं त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणींत २,००० कार्षापण दरमहा शेंकडा एक या व्याजानें ठेविले, आणि दुसरींत १,००० पाऊण टक्क्यानें. राजाचा जांवई विणकरांकडे ठेव ठेवतो, यावरून त्यांच्या कसबाची व शब्दाची पत लक्षांत येईल. तेरचे विणकर याच जगांत वावरत होते.

पुढें सातवाहनांची सत्ता गेली, रोमचा व्यापार आटला. तेर ओस पडलें नाहीं, इ. स. ६१२ मधील दुसऱ्या पुलकेशीच्या ताम्रपटांत तगरच्या रहिवाशास दान दिल्याचा उल्लेख आहे. परंतु तें पूर्वींचें मोठें शहर राहिलें नाहीं. कोंकणचे व कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. मलमल गेली आणि बिरुद उरलें. श्रेणीचें शिक्षण कसब पिढ्यान् पिढ्या टिकवी. पण तें घराघरांत व जातींत बंद असे. एक बाजार बुडाल्यावर दुसरा शोधण्यास केवळ हाताचें कसब पुरत नाहीं. लेखन, हिशेब आणि दूरच्या देशांचें ज्ञानही सर्वांच्या हातीं असावें लागतें, असें मला वाटतें.

बाराशें-तेराशें वर्षांनीं जग पुन्हां या मुलखाच्या दारीं आलें, तें रुळांवरून. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ सालीं बार्शीस आली आणि १९११ पर्यंत तेरवरून लातूरला पोंचली. बाजार जवळ आला. शाळा मात्र दूरच होती. निजामी राजवटींत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानें देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचें धाडस केलें, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. पण ती भाषा मराठी मुलाच्या घरची नव्हती. म्हणून १९२१ सालीं याच जिल्ह्यांत हिप्परगा येथें राष्ट्रीय शाळा उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ हे पुढें तेथेंच शिक्षक होते. १९४८ सालीं संस्थान मुक्त झालें, आणि १९५८ सालीं मराठवाड्याला स्वतःचें विद्यापीठ मिळालें.

तरीही २०१८ सालीं केंद्र सरकारनें देशांतील विकासाकांक्षी, म्हणजे मागें राहिलेल्या, जिल्ह्यांची यादी केली, तींत आपला जिल्हा होता. मॅट्रिक होऊन मास्तरकी केलेल्या माझ्यासारख्यास तें वाचून खंत वाटली. वर्गांतील हुशार मुलगा पुण्यास गेला, याचा आम्हां शिक्षकांना अभिमान वाटे; पण मागें राहिलेल्या मुलाच्या हातीं आम्हीं काय दिलें, हें आम्हीं क्वचितच पाहिलें.

तेरचा तो कुंभार परक्याची युक्ति शिकला, आणि आपल्या मातीला त्यानें सोडलें नाहीं. पंढरीच्या वाटेवर कधीं तेरला उतरलांत, तर गोरोबांचें दर्शन घेऊन घटकाभर त्या संग्रहालयांतही जावें, आणि मुलांना बरोबर न्यावें, एवढीच माझी विनंती आहे.