गुंजनपक्ष्यांचे मधुपात्र : एका घरगुती प्रयोगाचा इतिहास

गुंजनपक्षी, म्हणजेच हमिंगबर्ड, केवळ अमेरिका खंडांत आढळतो. आपल्याकडील शिंजीर त्याच्यासारखा भासला तरी तो निराळ्या कुळातला आहे. अंगणात साखरपाण्याचे पात्र टांगून या पक्ष्यास बोलाविण्याची प्रथा उत्तर अमेरिकेत इतकी रुळली आहे की, तिलाही इतिहास आहे हे सहसा ध्यानात येत नाही.

केवळ गोड पाण्यावर हा पक्षी जगत नाही, हे १९व्या शतकाच्या पूर्वार्धातच ऑड्युबॉनने नोंदविले होते. मध वा साखर घातलेल्या पाण्यावर पिंजऱ्यात ठेवलेले पक्षी क्षीण होऊन मरत. ज्यांना सोबत बारीक कीटक मिळत, ते अधिक काळ तगत. पुढील संशोधन मात्र अंगणात झाले. १९०० साली मॅसॅच्युसेट्समधील कॅरोलाइन सोल यांनी 'बर्ड-लोअर' या नियतकालिकात आपली युक्ती प्रसिद्ध केली : जाड कागदाचे तुतारीसारखे रंगविलेले फूल आणि त्यात साखरपाण्याची लहानशी कुपी. पक्षी फुलाकडे येतो, तेव्हा फूल हवेच, हे गृहीत यामागे होते.

त्या गृहीताचीच परीक्षा आयोवा राज्यातील अल्थिया शर्मन यांनी केली. त्या मूळच्या चित्रकार; तरी फुलाच्या मोहात त्या अडकल्या नाहीत, हे विशेष. सात उन्हाळ्यांचे त्यांचे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले. प्रारंभी त्यांनीही कृत्रिम फुले वापरली. परंतु फूल नसलेल्या बाटलीवरही पक्षी आले. आकर्षणाचे मूळ रसात आहे आणि ठिकाण पक्षी लक्षात ठेवतो, असाच याचा अर्थ लावावा लागतो. १९५० च्या सुमारास अशी पात्रे न्यूयॉर्क राज्यातून व्यापारी स्वरूपात विकली जाऊ लागली.

रसाची कृती साधी आहे : एक माप पांढरी साखर, चार मापे पाणी. वजनाने हे द्रावण सुमारे १८ टक्के होते, म्हणजे फुलांतील मधुरसाच्या जवळपास. मध वर्ज्य, कारण पातळ केलेल्या मधात बुरशी व किण्व झपाट्याने वाढतात. खरी अडचण पात्राच्या स्वच्छतेची. उन्हाळ्यात रस दोन-तीन दिवसांत आंबतो, छिद्रांच्या कडांना काळी बुरशी धरते. म्हणून पात्र तितक्याच वेळा सुटे करून गरम पाण्याने व ब्रशाने घासावे लागते. रस लाल करण्याची गरज नाही. पात्राचा लाल भाग पुरेसा असतो. तरीही लाल रंगाची तयार मिश्रणे आजही बाजारात मिळतात.