मूळ, करणी आणि मूलक

उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराचें नांव ऐकलें कीं मारुतीची कथा आठवते. हवी ती वनस्पति ओळखतां न आल्यानें त्यानें सबंध पर्वतच उचलून नेला. हें 'सबंध उचलून नेणें' ध्यानांत असूं द्यावें; आजच्या विषयांत तें दोनदां उपयोगी पडणार आहे. विषय आहे 'रॅडिकल' या शब्दाचा. गणिताच्या तासाला तो करणीच्या चिन्हास लागतो, रसायनाच्या तासाला 'मूलक' होतो. एका शब्दास हे दोन अर्थ कसे आले?

लॅटिन भाषेंत 'रॅडिक्स' म्हणजे झाडाचें मूळ. आपलें गणितहि मूळच म्हणतें; आर्यभटानें इ. स. 499 मध्यें वर्गमूळ काढण्याची रीति सांगितली. 9 चें मूळ 3, हें सोपें. परंतु 2 चें मूळ कोणत्याहि अपूर्णांकानें तंतोतंत सांगतां येत नाहीं. शुल्बसूत्रकारांनीं दुप्पट क्षेत्राचा चौरस करणाऱ्या दोरीस 'द्विकरणी' म्हटलें. पुढें भास्कराचार्यांनीं बीजगणितांत करणी 2 व करणी 8 यांची बेरीज करणी 18 होते असें दाखविलें. मूळ न फोडतां, सबंध उचलून, बिनचूक हिशेब! त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं नातू चांगदेव यानें मठ स्थापला. त्याचा शिलालेख चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे. भास्कराचार्यांच्याच बाराव्या शतकांत स्पेनमधील टोलेडो येथें क्रेमोनाच्या जेरार्डनें अल्‌-ख्वारिझ्मीचें अरबी बीजगणित लॅटिनमध्यें आणलें आणि 'जिध्र', म्हणजे मूळ, या शब्दासाठीं 'रॅडिक्स' लिहिलें.

रसायनशास्त्रांत हा शब्द फ्रान्समध्यें आला. 1787 मध्यें गितों द मोर्व्हो यानें अम्लांतील प्राणवायु वगळून उरणाऱ्या आधारास 'रॅडिकल' म्हटलें. 1832 मध्यें लीबिग व व्होलर यांनीं कडू बदामाचें तेल तपासलें. आजच्या गणनेनें 7 कर्ब, 5 हायड्रोजन व 1 प्राणवायु एवढ्या अणूंचा एक गट त्या तेलांतून बेंझोइक अम्लांत आणि तेथून इतर संयुगांत सबंध जातो, असें त्यांस आढळलें. येथेंहि पर्वत सबंधच उचलला गेला!

यावरून मूलक म्हणजे पदार्थाचें अचल मूळ, असा समज होणें स्वाभाविक होतें. मात्र असें मूलक एकटें वेगळें काढण्याचे यत्न फसत गेले. अखेर 1900 मध्यें अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठांत मोझेस गोंबर्ग यास एक सुटें मूलक सांपडलें. तें अचल तर नव्हतेंच. हवा लागतांच तें प्राणवायूशीं संयोग पावे. आज 'मुक्त मूलक' म्हटलें कीं रसायनज्ञास अत्यंत चंचल पदार्थ आठवतो.

तात्पर्य, शब्दाचें मूळ सांपडलें म्हणजे अर्थ हातीं आला असें नव्हे. मूळ शब्दाचा प्रवास सांगतें. त्याचा आजचा अर्थ मात्र गणितज्ञाच्या पाटीवर आणि रसायनज्ञाच्या परीक्षानळींतच पाहावा लागतो.