कार्यक्रम-नियोजन, सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील

कोणता कार्यक्रम कोणत्या वेळी दाखवायचा, हे ठरवण्याचे काम. खाजगी वाहिनी जाहिरातदाराकडे पाहून वेळ ठरवते. सार्वजनिक प्रसारकाने ज्याच्यासाठी कार्यक्रम केला त्याच्या दिनक्रमाशी वेळ जुळवावी. दूरदर्शनने १९६७ साली 'कृषिदर्शन' सुरू केले, मुंबई केंद्राने (स्थापना १९७२) 'आमची माती, आमची माणसं' संध्याकाळी दाखवले. शेतकरी रानातून परततो तीच ती वेळ. हाच कार्यक्रम भर दुपारी ठेवला, तर तो कागदोपत्रीच प्रसारित होतो. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीची मोक्याची वेळ प्रादेशिक भाषांच्या हातून गेली. हे नुकसान मोठे होते, कारण वेळ गेली की प्रेक्षकही जातो.

थोडेच लोक पाहतात त्याला चांगली वेळ का द्यावी, असा आक्षेप घेतला जातो. पण प्रेक्षकसंख्या ही बऱ्याच अंशी वेळेचीच निर्मिती असते. १९८७ मध्ये 'रामायण' रविवारी सकाळी लागे आणि ती वेळच देशाची झाली. तेव्हा बहुतेक ठिकाणी दुसरी वाहिनी नव्हती, हे खरेच. तरी ठरलेल्या वेळेने सवय घडवली, हेही नाकारता येत नाही. मोबाइलवर हवे ते हवे तेव्हा दिसत असताना वेळापत्रक कशाला, हा दुसरा आक्षेप. तो ज्याच्याकडे स्वतःचा पडदा आणि पुरेसा डेटा आहे त्याच्यापुरताच खरा आहे. दूरदर्शनच्या मासिक शुल्क नसलेल्या 'फ्री डिश' उपग्रह-सेवेवर घरात एकच संच पाहणाऱ्यांना आजही ठरलेली, न हलणारी वेळ लागते.